मोठ्या ऑर्डरचा ईमेल खरा की खोटा? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या छोट्या व्यावसायिकांनी काय तपासायचं?

‘सोबत जोडलेली ऑर्डर पाहा. तुमचा सर्वांत कमी दर आणि माल कधी मिळेल ते आजच कळवा. पेमेंट तीस दिवसांत होईल.’

इंग्रजीतल्या अशा तीन ओळी, खाली एखाद्या मोठ्या कंपनीचा लोगो, ‘परचेस मॅनेजर’ अशी सही आणि एक जोडलेली फाइल. छोटा व्यवसाय चालवणाऱ्या किंवा घरच्या धंद्याचा ईमेल सांभाळणाऱ्या अनेकांनी असा ईमेल पाहिलेला असतो. त्यात सगळं असतं, फक्त एक गोष्ट नसते. नेमका कोणता माल हवाय, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

नसतं, कारण हाच ईमेल एका वेळी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्याला, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या लेथवाल्याला आणि बदलापूरच्या खरवई एमआयडीसीतल्या केमिकल युनिटला पाठवलेला असू शकतो. माल कोणता ते लिहिलं, तर तिघांपैकी दोघं ‘आमचं हे काम नाही’ म्हणून तो डिलीट करतील. म्हणून मजकूर मुद्दाम मोघम ठेवला जातो.

ऑर्डरच्या चौकशीचं सोंग घेतलेल्या अशा ईमेलमधून नेमकं काय साधलं जातं? आणि खरा ग्राहक न गमावता खोटा कसा ओळखायचा?

ओळखीवर चालणारा धंदा आणि अनोळखी ईमेल

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवली गेली. १९४९ मध्ये या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ हे पत्ते तेव्हापासून आजपर्यंत चालत आले आहेत. जीन्स, फर्निचर, कापड, इलेक्ट्रॉनिक वस्तू असा इथला धंदा आधी ओळखीवर चालायचा. ग्राहक लोकलने यायचा, गजानन मार्केटमध्ये चार दुकानं फिरायचा, चहा व्हायचा, भावावरून घासाघीस व्हायची. उधारी द्यायची की नाही, हे शेजारच्या दुकानदाराला विचारून ठरायचं.

ईमेलवरून आलेल्या ग्राहकाबाबत यातलं काहीच उरत नाही. मोठ्या कंपनीत निदान खरेदी-विक्रीचा विभाग, अकाउंट्सवाला, आयटीवाला वेगवेगळा असतो. इथे बहुतेक ठिकाणी ईमेल उघडणारा, भाव देणारा, माल पाठवणारा आणि पैसे आले का बघणारा माणूस एकच असतो. कधी तो मालक असतो, कधी कॉलेजला जाणारी त्याची मुलगी.

तुमचा ईमेल पत्ता त्यांना मिळाला कुठून, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्यासाठी हॅकिंग लागत नाही. इंडियामार्ट, जस्टडायल, गूगल मॅप, स्वतःची वेबसाइट, इन्स्टाग्रामचं बिझनेस पेज अशा ठिकाणी तो पत्ता आपणच टाकलेला असतो. टाकायलाही हवाच, नाहीतर खरा ग्राहक येणार कसा?

सर्वांत मोठा सापळा: ती जोडलेली फाइल

अशा ईमेलमध्ये पाठवणाऱ्याला बऱ्याचदा तुमचा माल नको असतो. त्याला तुमचा कॉम्प्युटर हवा असतो.

फाइलचं नाव ‘परचेस ऑर्डर’, ‘आरएफक्यू’ किंवा ‘न्यू ऑर्डर लिस्ट’ असं काहीतरी असतं. चित्र पीडीएफचं दिसतं. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावाचा शेवटचा भाग सहसा लपवलेला असतो. त्यामुळे ‘ऑर्डर डॉट पीडीएफ’ असं दिसणाऱ्या फाइलचं पूर्ण नाव ‘ऑर्डर डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असू शकतं. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, प्रोग्राम. कधी फाइल झिप किंवा आरएआर करून, पासवर्ड लावून पाठवतात आणि पासवर्ड ईमेलमध्येच लिहून देतात. पासवर्ड लावण्यामागे गुप्ततेचा काही संबंध नसतो. फाइल कुलूपबंद असली की ईमेल सेवेच्या अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, एवढंच. आयएसओ आणि आयएमजी प्रकारच्या फाइलींचाही वापर होतो. खऱ्या ग्राहकाने ऑर्डर या प्रकारांत पाठवण्याचं काहीच कारण नाही.

एचटीएमएल फाइल उघडली तर ब्राउझरमध्ये जीमेल किंवा मायक्रोसॉफ्टसारखं लॉगिनचं पान दिसतं आणि ‘ऑर्डर पाहण्यासाठी पासवर्ड टाका’ असं सांगितलं जातं. ऑर्डर पाहायला तुमच्या ईमेलचा पासवर्ड कधीच लागत नाही. तो टाकला, की थेट समोरच्याच्या हातात जातो.

प्रोग्राम असलेली फाइल उघडली तर बहुतेकदा काहीच घडत नाही, निदान डोळ्यांना दिसत नाही. ‘फाइल खराब दिसते’ म्हणून आपण सोडून देतो. मागे मात्र एजंट टेस्लासारखा प्रोग्राम बसलेला असू शकतो. २०१४ पासून माहीत असलेला हा प्रोग्राम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो, कीबोर्डवर टाइप होणारं टिपतो आणि बाहेर पाठवतो.

हे किती मोठ्या प्रमाणावर चालतं, याचा अंदाज २०२० च्या एका कारवाईवरून येतो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटरपोलने नायजेरियाच्या पोलिसांसोबत लागोसमधून तिघांना अटक झाल्याचं जाहीर केलं. या टोळीचे ईमेल नेमके असेच होते: खरेदीची ऑर्डर, मालाची चौकशी. लक्ष्य केलेल्या सुमारे ५० हजार जणांची ओळख तोवर पटली होती आणि २०१७ पासून १५० हून अधिक देशांतल्या कंपन्या आणि सरकारी संस्थांपर्यंत ही टोळी पोहोचली होती.

चोरलेल्या पासवर्डचं पुढे काय होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे. चोर लगेच काही करत नाही. तो तुमच्या मेलबॉक्समध्ये गपचूप वाचत बसतो. कोणाला किती बिल दिलंय, पैसे कधी येणार आहेत, तुम्ही ग्राहकाला काय म्हणून हाक मारता. पैसे यायची वेळ झाली, की तुमच्या जुन्या ग्राहकाला तुमच्याच नावाने ईमेल जातो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे या खात्यावर पाठवा.’ ग्राहक पैसे भरतो. तुम्ही म्हणता मिळाले नाहीत. तो म्हणतो भरले. वीस वर्षांची ओळख असली तरी या जागी भांडण होतंच.

बिलाच्या वेळी मध्ये घुसण्याचा हा प्रकार मोठ्यांनाही सुटलेला नाही. २०१५ मध्ये ओएनजीसीचे नॅफ्था विक्रीचे सुमारे १९७ कोटी रुपये असेच भलत्या खात्यात वळवले गेल्याची तक्रार मुंबईत दाखल झाली होती. ग्राहक होती सौदी अरामको. वापरलेल्या ईमेल पत्त्यात ‘ओएनजीसी’ऐवजी ‘ओजीएनसी’ होतं. दोन अक्षरांची अदलाबदल, बस्स.

दुसरा प्रकार: माल उधारीवर घ्यायचा आणि गायब व्हायचं

यात चोराला खरंच तुमचा माल हवा असतो, फक्त पैसे द्यायचे नसतात.

अमेरिकेच्या एफबीआयने मार्च २०२३ मध्ये तिथल्या विक्रेत्यांना याबद्दल इशारा दिला होता. खऱ्या कंपन्यांच्या नावांशी मिळते-जुळते ईमेल पत्ते, खऱ्या कर्मचाऱ्यांची नावं, पत चांगली असल्याचे खोटे कागद, आणि त्या जोरावर ३० किंवा ६० दिवसांची उधारी. बांधकाम साहित्य, शेतीसाठीचा माल, कॉम्प्युटरचे भाग, सोलरची उपकरणं असा सहज विकून टाकता येणारा माल यात लक्ष्य होता. जीन्स आणि स्टेनलेस स्टीलचे फिटिंग या यादीत नव्हते, पण सहज विकले जाण्यात ते काही मागे नाहीत.

समजा, उल्हासनगरच्या एका जीन्सवाल्याला पुण्यातल्या नामांकित कंपनीच्या नावाने ईमेल आला. कर्मचाऱ्यांच्या युनिफॉर्मसाठी ६०० पीस, ४५० रुपयांनी. म्हणजे २ लाख ७० हजारांचं बिल. सोबत कंपनीच्या लेटरहेडवर ऑर्डर, जीएसटी क्रमांक, पॅन, सगळं. जीएसटीच्या वेबसाइटवर क्रमांक टाकला तर कंपनी खरी, नोंदणी चालू. इथे बरेच जण निर्धास्त होतात.

पण जीएसटी क्रमांक ही काही गुप्त गोष्ट नाही. तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो आणि कोणीही तो उचलून स्वतःच्या ईमेलखाली लिहू शकतो. क्रमांक तपासल्याने ती कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं, ईमेल तिनेच पाठवलाय हे नाही. म्हणून तपासणी पुढच्या पायरीपर्यंत न्यावी लागते. जीएसटीच्या वेबसाइटवर व्यवसायाचा मुख्य पत्ता दिसतो. माल कुठे उतरवायला सांगितलाय? बिल पुण्याच्या नावाने आणि डिलिव्हरी भिवंडीतल्या भाड्याच्या गाळ्यात किंवा थेट ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये, जिथून ‘आमचा माणूस बिल्टी दाखवून घेऊन जाईल’, असं असेल तर थांबा. बिल एका पत्त्यावर आणि माल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं कायद्याने चालतं, ई-वे बिलातही त्याची सोय आहे. म्हणून नुसत्या त्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. पण नवा ग्राहक, उधारी आणि वेगळा पत्ता हे तिन्ही एकत्र आले, की फोन केल्याशिवाय गाडी भरू नये.

फोन कुठे करायचा हाच खरा मुद्दा आहे. ईमेलच्या खाली दिलेल्या नंबरवर नाही. तो उचलणारा तोच असणार. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा, तिथला लँडलाइन लावा, परचेस विभाग मागा आणि ऑर्डर क्रमांक सांगून विचारा. ईमेलमधल्या लिंकवरून वेबसाइट उघडली, तर तीही खोटी असू शकते. पाच मिनिटांचं काम आहे. अनेक जण ते टाळतात, कारण ‘ग्राहकाला वाईट वाटेल’. खऱ्या कंपनीच्या परचेसवाल्याला अशा फोनचं वाईट वाटत नाही, उलट आपल्या नावाने कोणी ऑर्डर देत फिरतंय हे त्याला कळलेलं हवंच असतं.

एक चाल मात्र यातूनही निसटते. काही ठग पहिली ऑर्डर छोटी देतात आणि तिचे पैसे वेळेवर भरतात. दुसरी तिप्पट असते, उधारीवर. पहिलं पेमेंट कोणाच्या खात्यावरून आलं ते पासबुकात बघा. ऑर्डर कंपनीची आणि पैसे कुठल्यातरी व्यक्तीच्या बचत खात्यातून, हे दिसलं की पुढचा माल उधारीवर देऊ नये.

तिसरा प्रकार: ऑर्डर मिळवण्यासाठी आधी पैसे भरा

परदेशातल्या कुठल्याशा मंत्रालयाचं टेंडर, कोट्यवधींचा माल, किंमत तुम्ही सांगाल ती मान्य. मग नोंदणी शुल्क, वकिलाची फी, कराराच्या मुद्रांकाचा खर्च. अंबरनाथ-बदलापूरच्या केमिकल युनिटना परदेशी चौकशा नेहमीच येतात, त्यामुळे अशी चौकशी वेगळी वाटत नाही. पण विक्रेत्याने ग्राहकाला पैसे भरायचे, ही गोष्टच उलटी आहे. संशय असेल तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या व्यापार विभागाला ईमेल करून कंपनीबद्दल विचारता येतं. निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी ईसीजीसी ही सरकारी कंपनी परदेशी खरेदीदारांच्या पतीची माहितीही मिळवून देते.

याचाच देशी अवतार म्हणजे लष्कराच्या किंवा निमलष्करी दलाच्या नावाने येणारी ऑर्डर. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी असल्याने इथल्या वर्कशॉपवाल्यांना संरक्षण खात्याची कामं परकी नाहीत. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं जातं, भावाची घासाघीस होत नाही आणि मग ‘पैसे पाठवण्यासाठी’ एक क्यूआर कोड येतो. क्यूआर स्कॅन करणं आणि यूपीआय पिन टाकणं हे पैसे देण्यासाठी असतं. पैसे घेताना पिन लागत नाही, समोर जवान असो वा जिल्हाधिकारी.

जास्त पैसे भरल्याचा बहाणाही जुनाच आहे. ‘चुकून ५० हजार जादा गेले, परत करा’ असा ईमेल आणि सोबत पेमेंटचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, एसएमएसही नव्हे. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघा, आणि चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा.

खरा ग्राहक कसा बोलतो?

खोटा ईमेल ओळखण्याचे बरेच सल्ले इंग्रजीच्या चुकांवर बोट ठेवतात. हा सल्ला आता फारसा कामाचा नाही. एआयच्या मदतीने कोणीही निर्दोष इंग्रजी लिहू शकतं. दुसरीकडे, इंदूर किंवा हुबळीचा अस्सल व्यापारी चुकीच्या इंग्रजीत, साध्या जीमेलवरून लिहितो आणि पैसे वेळेवर देतो. जीमेलवरून आला म्हणून ग्राहक खोटा मानला, तर उल्हासनगरचा अर्धा धंदा बंद होईल.

त्यापेक्षा तो काय विचारतो ते बघा. जीन्सचा खरा खरेदीदार डेनिम किती आउन्सचं आहे, वॉश कोणता, साइजचा रेशो काय, कमीत कमी किती पीस घ्यावे लागतील ते विचारतो आणि सँपल मागतो. केमिकलवाला शुद्धता, पॅकिंग आणि टेस्ट रिपोर्ट मागतो. इंजिनीअरिंगवाला ड्रॉइंग पाठवतो, मटेरियल ३०४ हवं की ३१६ ते सांगतो. आणि हे तिघंही भाव पाडून मागतात. पहिल्याच ईमेलला दिलेला भाव मुकाट्याने मान्य करणारा ग्राहक या पट्ट्यात कोणी पाहिलाय?

म्हणून मोघम चौकशीला सोपं उत्तर आहे. फाइल न उघडता दोन ओळी लिहा: ‘कोणता माल, किती नग आणि डिलिव्हरी कुठे, हे कृपया ईमेलमध्येच लिहून कळवा.’ सोबत धंद्यातलाच एक प्रश्न विचारा. खऱ्या ग्राहकाला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात. एकगठ्ठा ईमेल पाठवणारा सहसा उत्तरच देत नाही, किंवा पुन्हा ‘सोबतची फाइल पाहा’ एवढंच म्हणतो.

ईमेलचा पत्ता नीट कसा वाचायचा?

मोबाइलवर बहुतेकदा फक्त नाव दिसतं, पत्ता नाही. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि ‘@’ या चिन्हानंतरचा भाग अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ जोडून लिहिलं, तर छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही. मूळ नावाला ‘इंडिया’ किंवा ‘ग्रुप’ जोडलेलाही पत्ता असतो. ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर वेगळ्याच पत्त्यावर जातंय का, तेही बघा. हा फार बोलका पुरावा असतो.

कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये ईमेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यासमोर ‘फेल’ असेल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असण्याची शक्यता मोठी. ‘पास’ असेल तर मात्र निर्धास्त होऊ नका. ‘पास’चा अर्थ ईमेल त्याच डोमेनवरून आलाय एवढाच. ओजीएनसीसारखं फसवं डोमेन कोणी स्वतः विकत घेतलं असेल, तर तेही पास होतं. डोमेन कधी नोंदवलं ते ‘हूइज’ शोधून कळतं. चाळीस वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं, तर पुढे विचारायला नको.

बँकेच्या नावाने आलेल्या पेमेंटच्या ईमेलसाठी अलीकडे एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या खास डोमेनवर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हे डोमेन बँकांशिवाय इतरांना मिळत नाही. तसंच आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असाही आदेश होता. कोणी ‘खातं बदललं’ म्हणालं, तर पैसे पाठवण्याआधी तिथे उमटणारं नाव वाचा आणि जुन्या, पाठ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

फाइल उघडली, किंवा पैसे गेले. आता?

फाइल उघडली असेल तर कॉम्प्युटरचं इंटरनेट आधी बंद करा. पासवर्ड बदलायचे आहेत, पण त्याच कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या मोबाइलवरून. पहिला ईमेलचा, मग बँकेचा, मग जीएसटी पोर्टलचा. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडून तुमचे ईमेल परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना ते पाहा. पासवर्ड बदलला तरी हे नियम तसेच राहतात आणि अनेकांचं लक्ष तिथे जात नाही. ज्या ग्राहकांकडून येणं बाकी आहे, त्यांना त्याच दिवशी फोन करून सांगा की आपलं बँक खातं बदललेलं नाही.

पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक ताबडतोब लावा आणि आपल्या बँकेलाही कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच ते गोठवता येतात, म्हणून इथे तासांचा हिशोब असतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असं कारण पुढे आलं, तर ‘झिरो एफआयआर’ मागा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये त्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणूक केल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जाताना ईमेलचा नुसता प्रिंटआउट नेऊ नका. त्यात पाठवणाऱ्याचा तांत्रिक माग नसतो, आणि फॉरवर्ड केल्यावरही तो पुसला जातो. ‘शो ओरिजिनल’च्या पानावर मूळ ईमेल डाउनलोड करण्याचं बटण आहे. ती फाइल, बँकेचा व्यवहार क्रमांक, बिल्टी आणि ई-वे बिलाची प्रत पेनड्राइव्हमध्ये घ्या. माल अजून वाटेत असेल तर पोलिसांकडे निघण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा आणि डिलिव्हरी थांबवायला सांगा. गाडी रिकामी होईपर्यंत तो माल परत आणता येतो.